पिवळ्या पाण्याचा माग

"माझ्या आयनं पावडर चोरली नाय," चिंगी म्हणाली आणि शेडच्या दारातच पाय रोवून उभी राहिली.

पोल्ट्रीचा सुपरवायझर सुभाष मोटरसायकलवर बसता बसता थांबला. "मग जाते कुठे? थंडी पडली म्हणून रोज ताकदीच्या पावडरीचा एक पुडा कृष्णाबाईच्या हातात देतो. तरी पिल्लं माना टाकून बसलीयेत. उद्या मालकीणबाईंना सांगून दुसरी बाई ठेवतो."

तो निघून गेला. चिंगीची आई, कृष्णाबाई, टोपली उचलत हळूच म्हणाली, "गप ऱ्हा, पोरी. काम जाईल."

"ते तसंबी चाललंच हाय ना?"

चिंगी आश्रमशाळेत सहावीला होती आणि नाताळच्या सुट्टीत कोन गावी घरी आली होती. मालकीणबाई शशिकलाबाईही आपल्या दोन्ही मुलांना घेऊन पनवेलहून आठवडाभर पोल्ट्रीवरच्या खोल्यांत राहायला आल्या होत्या. थोरली वल्लरी आठवीत, धाकटा विश्वजीत पाचवीत. दोघांनी सगळं ऐकलं होतं.

"आपण शोधून काढू," वल्लरी म्हणाली.

चिंगीने तिच्याकडे रोखून बघितलं. "आणि तुमच्या आईला खरं वाटलं नाय तर?"

"तर मी पण तुझ्याबरोबर दारात उभी राहीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिघं शेडमध्ये हजर झाली. बाहेर दाट धुकं होतं. कृष्णाबाईने त्यांच्यादेखत पुडा फोडला, टाकीच्या पाण्यात ढवळला आणि पिवळंजर्द पाणी प्लास्टिकच्या भांड्यांत भरलं. पाणी कुठवर आहे ते चिंगीने प्रत्येक भांड्यावर कोळशाने आखलं. मग तिघं गोणपाटावर बसून राहिली.

पिल्लं दिव्याखाली एकमेकांना चिकटून बसली होती. एखादं भांड्यापाशी जायचं, चोच बुडवायचं आणि मान झटकून परत यायचं. नऊ वाजले तरी पाणी रेघेखाली जेमतेम बोटभर उतरलं होतं.

वल्लरीने पाण्यात बोट घातलं आणि झटकन काढलं. "केवढं गार आहे हे!"

"रातभर टाकीत ऱ्हातं ना," कृष्णाबाई म्हणाली. "मी सुभाषदादाला सांगितलं होतं, पिल्लं हे पाणी पीत नाय. तो म्हणला, मला शिकवू नको."

साडेनऊला सुभाष आला आणि दारातूनच ओरडला, "सकाळचं पाणी फेका, भांडी धुवा, साधं पाणी भरा. लवकर आटपा, मला गावात जायचंय."

कृष्णाबाईने भांडी गटारात ओतली. चिंगी त्या पाण्यामागोमाग शेडच्या मागे गेली. तिथल्या खड्ड्याच्या कडेला पिवळी खरपुडी धरली होती, कितीतरी दिवसांची.

"सापडला चोर," विश्वजीत म्हणाला. तो कोठीकडे पळाला आणि पावडरीच्या रिकाम्या खोक्यातून एक कागद घेऊन आला. कागदाची घडीसुद्धा कुणी मोडली नव्हती. त्याने मोठ्याने वाचलं, "थंडीत पिल्ले पाणी कमी पितात. पावडर कोमट पाण्यात द्यावी. पाणी दोन तासांत संपेल इतकेच घ्यावे."

सुभाष गावातून परतल्यावर तिघांनी तो कागद शशिकलाबाईंपुढे ठेवला.

"पोरांचा खेळ आहे, बाई," सुभाष हसला. "कागदावर काय, काहीही छापतात."

"मग उद्या दोन भांडी ठेवा," चिंगी म्हणाली. "एकात गार पाणी, एकात कोमट. पावडर तुमी तुमच्या हातानं घाला. आय हात लावणार नाय."

सुभाषचं हसू मावळलं. शशिकलाबाई म्हणाल्या, "ठीक आहे. सहाला मी स्वतः येते."

सकाळी कृष्णाबाईने चुलीवर पाणी कोमट केलं. सुभाषने दोन्हीकडे सारखीच पावडर घातली. चिंगीने दोन्ही भांड्यांवर पुन्हा कोळशाने रेघ आखली. पिल्लं हललीच नाहीत तर?

आधी एक पिल्लू आलं. कोमट पाण्यात चोच बुडवून त्याने मान वर केली, पुन्हा बुडवली. मागून दुसरं आलं, मग दहा, मग नुसती झुंबड उडाली. तासाभरात ते भांडं रिकामं झालं. गार पाण्याचं भांडं रेघेपाशीच राहिलं.

शशिकलाबाईंनी वाकून दोन्ही भांडी पाहिली. "पिल्लांची ताकद रोज गटारात जात होती, सुभाष. आणि तू या बाईला चोर ठरवलंस." मग त्यांनी चिंगीच्या पाठीवर हात ठेवला. "शाब्बास. मोठ्या माणसांना सुचलं नाही ते तुम्ही मुलांनी केलंत."

"शाबासकी नंतर, बाई," चिंगी म्हणाली. "आधी ह्यांनी आयला सांगावं."

सुभाष खाली बघत पुटपुटला, "चुकलं माझं, कृष्णाबाई."

"मोठ्यानं. चोर म्हणाले ते मोठ्यानं म्हणाले होते."

वल्लरी चिंगीच्या शेजारी येऊन उभी राहिली, विश्वजीत दुसऱ्या बाजूला. कृष्णाबाईने लेकीकडे पाहिलं, पण या वेळी तिला गप्प केलं नाही.

"चुकलं माझं, कृष्णाबाई," सुभाष म्हणाला. पलीकडच्या शेडमधल्या बायकाही वळून बघू लागल्या.

कृष्णाबाईने रिकामं भांडं उचललं आणि पदराने पुसलं. "बरं. उद्या पाचला चूल पेटवायला या, दादा. पाणी किती तापवायचं ते मी शिकवीन."