नजर कुठं होती?

कापसाच्या जिन कारखान्याच्या फाटकासमोर लॉरी बंद पडली, तेव्हा सगुणा कापूस निवडून नुकतीच बाहेर पडत होती. लढाईमुळं जालन्यात पेट्रोल मिळेनासं झालं होतं. ही लॉरी कोळशाच्या गॅसवर चालायची — मर्जी असली तर चालायची, नसली तर रुसून बसायची. मुकादमानं बायांना हाक मारली आणि बाया हसत हसत लॉरीला मागून भिडल्या. लॉरी खोकली, हलली, एकदम पुढं गेली... आणि सगुणा तोंडावर पडता पडता सावरली.

ड्रायव्हर उडी मारून खाली आला.

"लागलं का?"

"न्हाई."

"मंग हसून काहून राह्यली?"

"तुमच्या तोंडाला कोळसा लागलाय."

त्यानं बाहीनं तोंड पुसलं, तसं ते काळं कानापर्यंत पसरलं. सगुणानं पदर तोंडात धरला. तो तिच्याकडं बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "तुझ्याबी केसात कापूस अडकलाय. म्हातारपणी कशी दिसशील ते आजच दिसलं."

"कशी?"

"बरी दिसशील..." एवढं बोलून तो घाईघाईनं इंजिनाकडं वळला, जणू आपण जास्तच बोलून गेलो.

त्याचं नाव भुजंग. परतूरकडचा, आईबाप लहानपणीच गेलेले. जिनातल्या गाठी स्टेशनावर न्यायच्या आणि रिकामी लॉरी परत आणायची, हे त्याचं काम. दुपारी बाया भाकरीला बसायच्या, त्याच सुमाराला त्याची खेप यायची. सगुणा फाटकापाशी उभी असायची — पाणी प्यायला आले, असं बाकीच्यांना सांगून. लॉरी जवळ आली की त्याची मान वळायची, तिची मान खाली जायची आणि पुन्हा वर यायची. तेवढंच. पण त्या तेवढ्याशा नजरेवर तिचा अख्खा दिवस हलका व्हायचा.

एकदा त्यानं हरभऱ्याची हिरवी डहाळी तिच्या हातात टेकवली आणि संक्रांतीनंतर तुझ्या घरी माणसं पाठवतो, म्हणून सांगितलं. सगुणानं ते आईला सांगितलं. चतुराबाईनं डहाळीतला एक घाटा सोलला, तोंडात टाकला आणि म्हणाली, आधी मला एकदा जवळून बघू दे त्याला. थोरल्या भावाला, मच्छिंद्रला, इतक्यात काही बोलायचं नाही, असं मायलेकींनी ठरवलं.

त्या दिवशी सगुणा भाकरी घरीच विसरली होती. दुपारी चतुराबाई ती फडक्यात बांधून घेऊन आली. रस्त्याच्या पलीकडं थांबली. एक बैलगाडी जाऊ दिली, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. लॉरी अजून लांब होती. ती रस्त्यात उतरली. म्हातारं माणूस, सावकाश चालणार.

सगुणाला आई दिसली, आणि रस्त्यानं येणारी लॉरीही दिसली. मग तिची नजर आईवरून सरकली. भुजंगनं तिला पाहिलं होतं. त्यानं एक हात चाकावरून उचलला होता, ओठांवर ते ओळखीचं हसू होतं... आणि सगुणाही हसली.

ती अजून हसतच होती, तेव्हा तो आवाज झाला.

भुजंगनंच चतुराबाईला उचललं. तो दवाखान्याकडं धावला, सगुणा मागून धावली, पण वाटेतच चतुराबाईची मान त्याच्या खांद्यावरून कलली. तिला दवाखान्यात ठेवून तो स्वतःच्या पायानं ठाण्यात गेला. सगुणाकडं त्यानं एकदाही पाहिलं नाही. तिनंही नाही.

जिनाच्या मालकानं त्याच्यासाठी वकील दिला. बदरोद्दीन वकील माणूस वाईट नव्हते, पण हुशार होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. रस्ता मोटारीचा, पायी चालणाऱ्यानं बघून चालावं. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, पण म्हातारीला नीट दिसत नव्हतं, ती न बघता आडवी आली. चूक मरणारीची. भुजंगला त्यांनी ताकीद दिली होती की तू तोंड उघडायचं नाही. फाटकापाशी त्या वेळी एकटी सगुणाच होती, म्हणून साक्षीला तिला बोलावलं. मच्छिंद्र तिला बजावत होता, लॉरी जोरात आली एवढंच सांग. त्याला बाकीचं काहीच माहीत नव्हतं.

निजामाचं राज्य, कोर्टात सगळा कारभार उर्दूत. पण वकील तिच्याशी मोडक्यातोडक्या मराठीत बोलले. आवाज मऊ होता.

"बाई, सोचून सांगा. तुमची माँ घाईत व्हती. न बघता आली. बराबर?"

सगुणानं समोर पाहिलं. भुजंग कठड्यात मान खाली घालून उभा होता. नुसतं हो म्हटलं की तो सुटणार होता. सुटला की कदाचित एक दिवस माणसंही येतील, तिच्या मागणीची... तो विचार मनात आला आणि तिनं भुजंगवरून नजर काढून घेतली. आईवर माती पडून महिना झाला नव्हता, आणि आता तिच्यावर हेही लोटायचं होतं.

"न्हाई," ती म्हणाली. "आई दोन्हीकडं बघून निघाली व्हती. लॉरी लांब व्हती. भोंगा वाजलाच न्हाई."

वकील किंचित हसले. "दिवसाउजेडी, सरळ रस्त्यावर, ड्रायव्हरला माणूस दिसलं न्हाई? मंग त्याची नजर कुठं व्हती?"

याचं उत्तर तिला देता येणार नाही, अशी त्यांची खात्री होती.

"माझ्याकडं," सगुणा म्हणाली.

कोर्टात कुणीतरी खोकलं. मच्छिंद्र बाकावरून अर्धा उठला.

"अन् माझी त्यांच्याकडं. रोजच असायची."

न्यायाला बसलेल्या मुन्सिफसाहेबांनी भुजंगला विचारलं, हे खरं आहे का. वकिलांनी हातानं खूण केली, नाही म्हण. भुजंगनं त्या दिवसानंतर पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं.

"बाई खरं बोलून राह्यली, साहेब. चूक म्हातारीची न्हाई. माझी हाय."

त्याला औरंगाबादच्या तुरुंगात पाठवलं. निकालात लिहिलं होतं की पायी चालणाऱ्या बाईचा काही दोष नव्हता. मच्छिंद्रनं ते ऐकलं, तरी बहिणीवरचा त्याचा राग उतरला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं तिला आष्टीला, तुळजाबाई मावशीकडं सोडलं आणि उंबरा न ओलांडता परत गेला. जिनातल्या बायांनी तिच्या नावाचं काय काय केलं, ते आष्टीपर्यंत येऊन पोचलं. मावशीनंही ऐकलं. चतुराबाई तिची सख्खी बहीण. ती रडली, पण पोरीला टाकून बोलली नाही.

सगुणा मावशीच्या रानात राबत राहिली. रात्री डोळा लागला की ती पुन्हा फाटकापाशी उभी असायची आणि हसत असायची.

भुजंग सुटून आला तेव्हा ज्वारी खुडायला आली होती. केस बारीक कापलेले, गालफडं वर आलेली. बांधावरच थांबला, रानात पाय ठेवला नाही. तीर्थपुरीला एका शेतकऱ्याकडं सालानं राहिलोय, मोटारीला आता हात लावत नाही, असं त्यानं सांगितलं.

"राग आला आसंल माझा," सगुणा म्हणाली. "माझ्यामुळं आत गेलात."

"तू गप बसली असती तर सुटलो असतो," तो म्हणाला. "अन् मंग तुला तोंड दाखवायला कधीच आलो नसतो."

तिच्या हातातलं कणीस तसंच राहिलं.

"मला झोपेत आई दिसती," ती म्हणाली.

"मलाबी."

"ते जायचं न्हाई. कुठंबी गेले तरी ते माझ्यासंगं येईल. तुमच्या घरात बी."

"ते माझ्या घरात हायच, सगुणा. तू न्हाईस, एवढंच... तिथं बोलायला कुणी न्हाई."

तिनं डोळे पुसले. आईला जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं, मच्छिंद्र लग्नाला येणार नव्हता, आणि लोक तर आयुष्यभर बोलणार होते. हे सगळं तिला ठाऊक होतं. ती वळली आणि खोपीकडं तोंड करून तिनं हाक दिली.

"मावशे... जरा बाहेर ये. पाव्हणे आलेत."