निजायची झोळी

लिंदाल्वा वारल्यावरची सातव्या दिवसाची प्रार्थना झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिची मुलगी मारिनेस आईचं सामान आणायला गेली. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातली, समुद्रासमोरची ती उंच इमारत. फाटकावरच्या माणसानं तिला पुढच्या लिफ्टकडे वळूच दिलं नाही. "कामवाल्यांची मागे," तो म्हणाला. मारिनेस इस्पितळात नर्स होती, पण इथे ती कामवालीची पोर. दातओठ खात ती मागून वर गेली.

तीसेक वर्षं आईनं या घरात हाडं झिजवली. मालकीण एलोइझाबाईंची तिन्ही मुलं वाढवली आणि स्वतःची मुलगी आजीकडे टाकली. शेवटी इथेच ओट्याशी उभ्याउभ्या कोसळली. पुरायला या घरातलं चिटपाखरूही आलं नाही. फुलांचं चक्र तेवढं आलं, वर सोनेरी अक्षरांत 'आमच्या घरचीच'. म्हणे घरची. घरच्या माणसाला कुणी स्वयंपाकघरामागच्या बिनखिडकीच्या खोलीत निजवतं?

दार बाईंनीच उघडलं. आत फडक्यातून गाळलेल्या कॉफीचा वास भरला होता. शेगडीवर घेवड्याचं पातेलं रटरटत होतं. धुण्याच्या टाकीवर फडकी पिळून ठेवली होती, आई ठेवायची तशी दुहेरी पीळ घालून.

"नवी बाई चांगली मिळालेली दिसते," मारिनेस म्हणाली.

"नवी कशाला? आणि जरा हळू बोल. आत्ताच पडलीय ती."

"कोण?"

"तुझी आई गं."

म्हातारीचं डोकं फिरलंय, मारिनेसला वाटलं. "बाई, आम्ही तिला पुरलं."

"ठाऊक आहे. फुलं पाठवली होती ना मी." बाई शांतपणे खुर्चीत बसल्या. "सोमवारी सकाळी बघते तर ओट्याशी उभी. आमच्याशिवाय करमत नाही तिला."

मारिनेसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं जाऊन खोलीचं दार ढकललं.

या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आईची निजायची झोळी टांगलेली होती, गावाहून आणलेली, निळ्या पट्ट्यांची. मधोमध खोल वाकलेली. आत कुणी नव्हतं. मारिनेसनं हात लावला. कापड ऊबदार होतं, घामानं ओलसर.

"आई, चल घरी. पुरे झालं आता."

झोळीच्या दोऱ्या करकरल्या.

तेवढ्यात जेवणघरात घंटी वाजली. झोळी सपकन वर आली आणि रिकामीच हलत राहिली. मारिनेसच्या खांद्याला घासून साबणाचा वास बाहेर गेला.

बाहेर कपबशी ठेवल्याचा आवाज झाला. "साखर कमी पडली बघ आज," बाई कुणाला तरी म्हणाल्या.

"लाज वाटू द्या जरा," मारिनेस आतूनच ओरडली. "मेल्यावर तरी सोडा तिला."

"मी कुठे बांधून ठेवलंय?"

मारिनेसनं झोळी आकड्यांवरून काढली. आई दिवसभर राबेल, पण पाठ टेकायला तिला हीच लागते. जिथे झोळी, तिथे ती येणारच. घरी तिनं ती पडवीत टांगली, वारा येतो तिथे. शेजारी स्टूल टाकून वाट पाहत बसली. दोन रात्री झोळी चपटी आणि गार राहिली.

तिसऱ्या दिवशी फोन आला. एलोइझाबाई वैतागल्या होत्या.

"झोळी परत आण बरं. रात्रभर ओट्याशी उभी असते नुसती. भांडी वाजतात, आम्हाला झोप नाही."

"मग तिला घरी पाठवा."

"मी का धरून ठेवलीय? घे, तूच बोल."

फोन या हातातून त्या हातात गेला. पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाला.

"मारी," आई कुजबुजली. त्या घरातून बोलताना ती नेहमी अशीच कुजबुजायची. "आणून दे गं. पाय फार दुखतात."