चौथा ट्रॅक

आमचा पहिला रॉक अल्बम चाळीस वर्षांनी पुन्हा निघतोय, म्हणून कंपनीने मला दुपारी स्टुडिओत बोलावलं होतं. सोबत वहिनी होत्या. त्यांचा नवरा म्हणजे माझा जिवलग दोस्त, आमच्या बँडचा मूळ गायक. अल्बम निघायच्या आधीच तो गेला.

"ह्यांचा आवाज कुठेच उरला नाही हो भावजी," वहिनी म्हणाल्या. "निदान ह्यांची गिटार तरी ऐकते."

कंपनीने त्याचा आवाज पुसायला लावला, असंच मी त्यांना आजवर सांगत आलोय. बँडमध्ये मीही गायचो. कंपनी एवढंच म्हणाली होती, दोघांपैकी एक गायक ठरवा. टेपवर आठच ट्रॅक, एकेका वाद्याला नि आवाजाला एकेक, आठही भरलेले. तो आजारी असताना मी चौथ्या ट्रॅकवर, त्याच्याच गाण्यावर, माझं गाणं रेकॉर्ड केलं. खालचं आपोआप पुसलं जातं. "माझं गाणं कसं झालंय रे?" त्याने दवाखान्यात विचारलं, तेव्हा मी "झकास" म्हणालो. तो गाण्याआधी डोळे मिटून प्रार्थना करायचा आणि मी त्याची टिंगल करायचो. देव मी आजही मानत नाही. स्वतःची लाज मात्र वाटते.

रेकॉर्डिस्टने चौथा ट्रॅक एकटा लावला. माझाच आवाज होता. पण कडव्याआधी कुणीतरी नाकाने लांब श्वास घेतला. मी तसा घेत नाही.

"पुन्हा लावा," मी म्हणालो.

या वेळी माझ्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता.

"जुनं राहिलंय वाटतं," रेकॉर्डिस्ट म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "खरं तर असं राहत नाही."

"पुन्हा." माझा घसा बसल्यासारखा झाला होता.

तिसऱ्या वेळी दोघे बरोबरीने गात होते. मी नुसतीच खूण केली.

चौथ्या वेळी तो एकटाच होता.

वहिनींनी डोळे पुसले. "म्हणजे पुसलं नव्हतंच! देव पावला हो."

मला राहवेना. किती वर्षं मूग गिळून बसायचं? त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि सगळं सांगत सुटलो. कंपनीने नाही वहिनी, मी पुसलं. या हातांनी. त्याच्याशीही खोटं बोललो.

वहिनी माझ्याकडे हसऱ्या चेहऱ्याने बघत होत्या.

टेप संपली.

मी अजून सांगतच होतो.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "नुसते ओठ काय हलवताय? बोला ना काहीतरी."