बटाट्याच्या दोन चकत्या

"आक्का, ह्यानं पाणी घातलंच न्हाय! नुसता सावलीत बसला असणार!"

स्नेहलचा आवाज खणखणीत. उचगावच्या त्या रोपवाटिकेत जमलेल्या सगळ्यांनी वळून धम्मपालकडे पाहिलं. शेजारच्या बायकांनी पाहिलं, मिरचीची रोपं न्यायला कागलहून आलेल्या दोघा शेतकऱ्यांनीही पाहिलं. ट्रेमधली रोपं माना टाकून पडली होती.

रोपवाटिका स्नेहलच्या आत्याची, म्हणजे आक्कांची. सुट्टीत रोपांना पाणी घालायचं काम त्यांनी शेजारच्या धम्मपालला दिलं होतं. तो स्नेहलच्याच वर्गातला. आणि खरं सांगायचं तर ते काम स्नेहलला हवं होतं!

"रोज दोनदा घातलंय. सुकायला लागली म्हणून जास्तच घातलंय," धम्मपाल म्हणाला.

"व्हय तर! मग सुकली कशी?"

आक्कांनी धम्मपालच्या हातातली झारी काढून घेतली. कागलचे पाहुणे रिकाम्या हातानं परत गेले आणि धम्मपाल खाली मान घालून घरी गेला.

स्नेहलचा धाकटा भाऊ राजवीर यानं ट्रेमध्ये बोट खुपसलं. "दीदी, माती तर ओलीचिंब हाय की!"

"गप बस!" स्नेहल म्हणाली. आणि तिनं त्याचं बोट ट्रेमधून बाहेर ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का लोणचं घालत होत्या. रात्री मीठ चोळून ठेवलेल्या कैरीच्या फोडी पातेल्यात होत्या, आणि तळाशी चांगलं वाटीभर पाणी!

"यात पाणी कुणी ओतलं?" राजवीरनं विचारलं.

"कुणी न्हाय रे. मीठ लागलं की फोडी पाणी सोडत्यात."

स्नेहलनं एक फोड उचलली. काल टणक होती, आज पार मऊ! बाहेर मीठ जास्त, म्हणून पेशींच्या पातळ पडद्यातून पाणी बाहेर आलं होतं. परासरण! वार्षिक परीक्षेत ह्याच उत्तराला तिला पैकीच्या पैकी गुण होते. सरांनी लाल शाईनं 'छान' लिहिलं होतं. आणि ओल्या मातीत सुकलेलं रोप डोळ्यांसमोर असताना ती धम्मपालवर ओरडली होती! तिचे कान लाजेनं तापले.

"राजवीर, चल! रोपांच्या पाण्यातबी मीठ हाय का, बॅरल बघू!"

रोपांना घालायचं पाणी कोपऱ्यातल्या निळ्या बॅरलमधून घेतलं जायचं. राजवीर बोट बुडवून तोंडात घालणार, तोच तिनं हात धरला. "चाटू नकोस! औषधाची झारी त्यातच बुडवत्यात!"

मग तिनं बटाट्याची एक चकती बॅरलच्या पाण्यात ठेवली, दुसरी नळाच्या पाण्यात. दुपारपर्यंत नळाच्या पाण्यातली कडक झाली, वाकवताच कटकन मोडली. बॅरलच्या पाण्यातली मात्र रबरासारखी वाकली.

"ह्या पाण्यात मीठ हाय! पण घातलं कुणी?" स्नेहल म्हणाली.

पुढच्या सकाळी दोघं रिकाम्या क्रेटमागं दबा धरून बसले. थोड्याच वेळात हंबीरमामा, म्हणजे आक्कांचे यजमान, गाणं गुणगुणत आले. त्यांनी आठवड्यापूर्वीच कुल्फीचा गाडा सुरू केला होता. हातातली बादली त्यांनी बॅरलमध्ये पालथी केली. धबाक्!

"मामा!" राजवीर किंचाळला.

"आयला! घाबरलो की रे! काय झालं?"

"हे पाणी कसलं?"

"गाड्यातला बर्फ वितळलेला. मे महिन्यात पाणी वाया कशाला घालवायचं?"

"आणि बर्फात काय घालता?" स्नेहलनं विचारलं.

"मीठ की! त्याबिगर कुल्फी गोठतीय व्हय..." मामांचं तोंड उघडंच राहिलं. "आता गं बया!"

आक्कांनी मामांना जे सुनावलं, ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं! बॅरल लांब खड्ड्यात रिकामं झालं. ट्रेमधून नळाचं पाणी पुन्हा पुन्हा सोडलं, तेव्हा मातीतलं मीठ धुऊन गेलं. आता पाणी मुळांच्या पेशींत शिरू लागलं. संध्याकाळपर्यंत निम्म्याहून जास्त रोपांनी माना वर काढल्या. उरलेली मात्र गेली ती गेलीच.

"आमची स्नेहल लई हुशार!" आक्का शेजारणींना सांगत होत्या. बायका कौतुकानं हसल्या. स्नेहलला मात्र कुठं तोंड लपवू असं झालं. आक्कांनी बोलावलेला धम्मपाल फाटकाशी उभा होता.

"हुशार न्हाय," ती मोठ्यानं म्हणाली. "धम्मपालनं रोज पाणी घातलं. मी न बघताच त्याला कामचुकार ठरवलं. मला माफ कर, धम्मपाल."

"माझंबी चुकलं, बाळा," आक्का म्हणाल्या.

"कागलचं पावणं आज न्हाईत," धम्मपाल हळूच म्हणाला. "त्यांनीबी ऐकलंतं."

स्नेहलचा चेहरा पुन्हा लाल झाला. तिनं आक्कांचा फोन घेतला, स्पीकर लावला आणि कागलला नंबर फिरवला. "काका, मी उचगावची स्नेहल. परवा मी त्या पोराबद्दल जे बोलले, ते खोटं होतं. चूक त्याची नव्हती." सगळं सांगितल्याशिवाय तिनं फोन ठेवला नाही.

"बरं केलंस पोरी, सांगितलंस," पलीकडून आवाज आला. "त्या पोराला म्हणावं, राहिलेली रोपं नीट जप. रविवारी न्यायला येतो."

आक्कांनी झारी उचलून धम्मपालपुढे धरली. त्यानं ती घेतली, नळाखाली भरली आणि पहिल्या ट्रेकडे निघाला. मग थांबून म्हणाला, "स्नेहल, दुसरी झारी घे. पलीकडचे ट्रे तुझे."