जागेवरचा ठिपका

"दुर्बिणीची चित्रं बघायचा बेत विसरा," दादा म्हणाला. "मावशी सामान आवरतेय."

तिघं मावशीच्या ऑफिसच्या दारात उभी होती: दादा, मावशीचा लेक टिल्लू आणि सगळ्यांत धाकटी, पण नाक सगळ्यांच्या आधी खुपसणारी बारकी. अवकाशातल्या दुर्बिणीनं काढलेल्या चित्रांत मावशी विश्वातल्या पहिल्यावहिल्या दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, शोधायची. आत्ता मात्र ती खोक्यात पुस्तकं कोंबत होती, आणि चेहरा असा, की जवळ जायची छाती होईना.

"आईला दीर्घिका वाटलेला लाल ठिपका खोटा निघाला," टिल्लू कुजबुजला. "तिच्या गटाचे प्रमुख सर म्हणाले, कॅमेऱ्यातला डाग आहे. आज बैठकीत आई स्वतःच तसं सांगणार. मग दुर्बिणीचा वेळ दुसऱ्या गटाला, आणि आईचं इथलं काम संपलं."

त्या ठिपक्यापायी मावशीनं वर्षं घालवली होती. तिथला प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीसुद्धा नव्हती, हे सांगताना ती जेवायचंही विसरायची.

मावशी पाणी प्यायला बाहेर गेली, तशी बारकी संगणकाच्या पडद्यापाशी पोचली. एकाच आकाशाची चार चित्रं शेजारी शेजारी होती.

"हात लावू नकोस," दादानं दटावलं.

"डोळेच लावतेय. सरांना हा डाग का वाटला?"

"चारही चित्रांत एकाच जागी आहे म्हणून," टिल्लू म्हणाला. "दर चित्राला दुर्बीण मुद्दाम जराशी सरकवतात. मग आकाश सरकतं, कॅमेऱ्यातला डाग जागचा हलत नाही."

"मग हे तारे का नाही सरकले? तेही जागच्या जागीच आहेत की."

दादा पुढे वाकला. "आणि काठाची ही काळी पट्टी बघ, चित्र सरकवल्यावर उरलेली. इथे डावीकडे, तिथे वर. अरे, कुणीतरी ताऱ्यावर तारा ठेवून चित्रं आधीच जुळवलीत!"

"म्हणजे डाग असता, तर यात तोच उड्या मारत सुटला असता," बारकी म्हणाली, आणि तिघं बैठकीच्या खोलीकडे पळाली.

पाणी पिऊन मावशी थेट बैठकीला गेली होती आणि सगळ्यांसमोर मान खाली घालून उभी होती. सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मुलांनो, बाहेर खेळा."

"एकच विचारते, सर," बारकी म्हणाली. "मावशीच्या पडद्यावरची जी चार चित्रं तुम्ही पाहिलीत, ती न जुळवलेली होती?"

"अर्थात."

"मग सगळे तारेही डागच म्हणायचे का? तेही हलले नाहीत."

सरांनी मूळ, न जुळवलेली चित्रं उघडली. त्यांत तारे सरकले होते, आणि लाल ठिपकाही त्यांच्याबरोबर सरकला होता.

"घाईत मी भलतीच चित्रं पाहिली," सर शेवटी म्हणाले. "हा ठिपका आकाशातलाच आहे. दीर्घिका आहे की नाही, ते तपासायला दुर्बिणीचा वेळ तुमच्याकडेच राहील, बाई. आणि पोरांनो, शाबास. आमच्यापेक्षा तुम्ही नीट पाहिलंत."

बाहेर आल्यावरही मावशी हसली नाही.

"तुला आनंद नाही झाला?" बारकीनं विचारलं.

"झाला गं. पण ती चित्रं मीच जुळवली होती, माझ्या हातानं. सर डाग म्हणाले, आणि मी एकदाही पुन्हा तपासून पाहिलं नाही. आज माझ्याच तोंडानं मी त्या ठिपक्याला खोटं ठरवणार होते."

बारकीनं मावशीचा हात धरला आणि खोक्यातली पुस्तकं परत मांडायला तिला ऑफिसात ओढत नेलं.