कोणाची तरी पोर

एर्सिलियाला इस्पितळातून घरी आणायला क्विंतो सकाळच्या बसनं शहरात गेला. डॉक्टर म्हणाले, "विजेच्या झटक्यांच्या उपचारानं बाई जगली, जेवायला लागली. आठवणींचं मात्र सांगता येत नाही. काही परततील, काही नाही परतणार."

परतताना एर्सिलिया खिडकीतून पो नदीच्या खोऱ्यातली पाण्यानं भरलेली भातशेतं बघत होती. सगळा हिवाळा एक शब्द न बोललेली बाई आज हसत होती. "किती वाळलास रे! आईंनी उपाशी ठेवलं की काय?" मग जरा संकोचून तिनं विचारलं, "क्विंतो... आपल्याला मूलबाळ नाही ना?"

गेल्या उन्हाळ्यात त्यांची लहानगी लेक नीवेस कालव्यात बुडाली होती. त्या दुःखानंच एर्सिलियानं अन्न सोडलं होतं.

"नाही," क्विंतो कसाबसा म्हणाला.

घरी त्याच्या आईनं, आर्जियानं, पोरीचे कपडे आणि फोटो आधीच माळ्यावर टाकले होते. चुलीवरचा मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळता ढवळता ती कुजबुजली, "विसरली तर विसरू दे. आठवलं तर पुन्हा अंथरूण धरेल. तिच्या वाटचं आपण रडू."

दिवस कलला. शेतांवरचं धुकं सरकत सरकत अंगणात आलं. बेडूक एकाएकी गप्प झाले, आणि शेवाळाचा कुबट वास दाटला. क्विंतो गोठ्यातून आला तेव्हा एर्सिलिया पायरीवर बसून हळू आवाजात कोणाशी तरी बोलत होती.

"कोण आहे गं?"

"कोणाची तरी पोर. चिंब भिजलीय बिचारी. मांडीवर घेतलं होतं जरा... किती गार रे अंग तिचं..."

पायरीवर दुसरं कोणीच नव्हतं. पण एर्सिलियाचा एप्रन मांडीवर ओलाकच्च झाला होता.

"म्हटलं, बाळा, घरी जा, आई वाट बघत असेल. तर म्हणते... आई मला ओळखत नाही." एर्सिलियाचे डोळे भरून आले. "कसली रे असेल ती आई?"

क्विंतो तिच्याशेजारी बसला. सांगून टाकावं, आत्ताच सांगावं. त्यानं तोंड उघडलं.

"एर्सिलिया, ती..."

"हळू," ती त्याच्या हाताकडे बघत म्हणाली. "इतकी घट्ट धरू नकोस तिची बोटं. दुखतंय तिला."

क्विंतोनं खाली पाहिलं. मुठीत काहीच नव्हतं. पण ती मूठ त्याला उघडता येईना.