बाराव्या खंडातलं फूल

"चार वाजता खाणीची सुनावणी आहे, आणि माझ्या रोपावर फूलच नाही!" संशोधकबाई दारातूनच म्हणाल्या.

सासूबाईंनी चष्मा पुसला. गावातल्या त्या एकमेव खाजगी गुप्तहेर. त्यांची गाडी चालवणं जावयाकडे. त्याने घड्याळ पाहिलं. अडीच! त्याने गाडीची किल्ली उचलली.

सोनफुली हे पिवळं रानफूल फक्त समोरच्या टेकडीवर उगवतं. ते सिद्ध झालं तर खाण थांबणार. नाहीतर उद्या सुरुंग. बाईंनी काचघराच्या उबेत एक रोप मुद्दाम लवकर फुलवलं होतं. पाच दिवसांपूर्वी त्याचं एकुलतं एक फूल कुणीतरी खुडलं.

"वाटलं, दुसरी कळी उमलेल," बाई म्हणाल्या. "नाही उमलली."

"असं फूल वाळवता कसं?" सासूबाईंनी विचारलं.

"आधी उकळत्या पाण्यात बुडवून. नाहीतर ही जात खुडल्यावरही ऐकत नाही."

काचघरात विचारताच माळी भडकला. "पोटच्या पोरीसारखं वाढवलंय मी! टेकडीवर अजून नुसत्या कळ्या आहेत. फुलाशिवाय सोनफुली आणि तण सारखीच दिसतात."

शेजारच्या ग्रंथालयात ग्रंथपाल काळ्या कोटाची बाही झटकत होते. पांढरे तंतू उडाले. एकेकाच्या टोकाला तपकिरी दाणा.

"काचघराची पायरीही चढलो नाही मी. हा कापूस. उशी फाटलीय."

"आमचीही फाटलीय," जावई कळवळून म्हणाला.

"ठाऊक आहे. मीच दिलेली," सासूबाई म्हणाल्या. "ग्रंथपाल, खाणवाले तुमचे कोण?"

"मेहुणे. म्हणून काय झालं?"

सव्वातीन. सासूबाईंनी माळ्यालाही बोलावून सगळ्यांना ग्रंथालयातच बसवलं.

"उशीतल्या कापसाला दाणा नसतो. ही सोनफुलीची म्हातारी, वाऱ्यावर उडणारं पिसारी बी. टेकडीवर नुसत्या कळ्या, मग म्हातारी आली कुठून? खुडलेल्या फुलातून. ते उकळत्या पाण्यात न बुडवता दाबलं, म्हणून आतल्या आत पिकलं. माळ्याने ते मातीत गाडलं असतं. पुस्तकात ठेवायची सवय ग्रंथपालांचीच. जावईबापू, त्या विश्वकोशाच्या रांगेबाहेर आलेला खंड कोणता?"

"बारावा!"

खंड उघडला. पिवळा रंग गेला होता. उरला होता पांढरा पिसारा.

ग्रंथपालांनी कबूल केलं. "दिवसातून तीनदा उघडून पाहायचो. फेकवेना हो."

"पण फूल कुठे उरलं?" जावई घाबरला.

बाईंनी भिंग लावलं, आणि पहिल्यांदाच हसल्या. "फुलावर खाणवाल्यांनी वाद घातला असता. या कुळाची खरी ओळख बियांवरूनच पटते."

साडेतीन. गाडीच्या काचा घट्ट बंद. उघडा खंड बाईंच्या मांडीवर, त्यावर सासूबाईंचा पदर.

जावयाचं नाक हुळहुळलं.

"जावईबापू," सासूबाई हळूच म्हणाल्या, "चारपर्यंत शिंकायचं नाही."